फक्कीच्या गाडीचा जळफळाट

मित्रांनो, मी एक जुनी फक्कीची गाडी आहे. फुटबॉलच्या मैदानावर पांढऱ्या भुकटीच्या रेषा दिसतात ना? ती भुकटी म्हणजे फक्की, आणि ती सांडत सांडत रेषा आखते ती मी. लोक खेळाडूंची नावं पाठ करतात, माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. नका बघू! पण आज सांगते ते मात्र नीट ऐका.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. तेलाचा डबा कापून त्याने माझं पोट केलं, मोडक्या बाबागाडीची चार चाकं लावली आणि पाइप वाकवून दांडा जोडला. "दिसायला बेंगरूळ झाली, पण चालेल," असं तो म्हणाला. बेंगरूळ म्हणे! तिथून मी क्लबच्या मैदानावर आले, सुतळीमामाच्या हाताखाली. मैदान सांभाळणाऱ्या या माणसाच्या खिशात कायम सुतळीचं रीळ असायचं, म्हणून हे नाव. दोन टोकांना खुंट्या ठोकून तो सुतळी ताणायचा आणि तिच्या कडेकडेने मला ढकलत न्यायचा. मागे वळून बघायची त्याला सवयच नव्हती, इतका माझ्यावर विश्वास. एकदा एक पंच म्हणाले, "मामा, पट्टी ठेवून ओढली की काय ही रेष?" त्या दिवशी माझी चाकं जमिनीला टेकत नव्हती. अशी एकवीस वर्षं गेली.

मग क्लबच्या डोक्यात खूळ शिरलं. आमच्याकडे बसायला बाकडी कमी, आणि दुसऱ्या शहरात मोठं स्टेडियम. वर्षाच्या दहा घरच्या सामन्यांपैकी चार तिकडे खेळायचे ठरले. घर इथे, आणि घरचे सामने तीन तासांच्या वाटेवर! ऐकलंय कधी असं? पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

सामने गेले ते मी एकवेळ सोसलं असतं. पण ते मामालाही घेऊन जायला लागले. मी आपली कोठीत, गवत कापायच्या यंत्राशेजारी. परत आला की मामा कोठीच्या दारात बूट झाडत, डबा घेऊन आलेल्या मामीला सांगायचा, "गवत कसलं, गालिचा आहे नुसता! आणि तिथली फक्कीची गाडी बघायला हवीस तू. रबरी चाकं, एका हाताने पळते." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मामी डबा उघडता उघडता म्हणायची, "मग तिथेच राहा की!" तेव्हापासून मामी मला फार आवडते.

पूर्वी माझं चाक कुरकुरलं की मामा तेल घालायचा. आता म्हणायचा, "हिची कुरकुर काही संपत नाही." नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय! त्या रबरी चाकांच्या भवानीला मी कधी पाहिलंही नव्हतं, पण रोज शिव्या घालत होते.

वर्षाचा शेवटचा सामना आमच्याकडे होता. क्लबचे सचिव मामाला म्हणाले, "मामा, हा सामना नीट पार पडू द्या. मग पुढच्या वर्षी सगळे सामने इथेच आणू, मी शब्द देतो." हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. तरीसुद्धा त्या सकाळी माझ्या पोटात फक्की ओतताना मामा पुटपुटला, "तिकडची असती तर एव्हाना अर्धं मैदान झालं असतं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोलपुढच्या मोठ्या चौकटीची रेष आखताना मी एक चाक आवळून धरलं आणि मुद्दाम सुतळी सोडून बाहेर सरकले. वीतभरच. मामाने मागे वळून बघितलं नाही.

सामना संपायला पाच मिनिटं उरली होती. त्या फुगलेल्या वीतभर जागेतच आमच्या खेळाडूने पाहुण्यांच्या पोराला पाडलं. रेष सरळ असती तर ते चौकटीबाहेर ठरलं असतं. पंचांनी रेष बघितली आणि पेनल्टी दिली. गोल झाला. आम्ही हरलो.

सचिव रेषेजवळ आले तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "हा डबा आजच्या आज भंगारात काढा!"

"गाडीला बोल लावू नका, साहेब," मामा म्हणाला. "ती बिचारी ढकलू तिकडे जाते. हात माझा हलला."

मित्रांनो, तेव्हा मला भंगारात टाकलं असतं तरी चाललं असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता दहाच्या दहा सामने तिकडे होतात आणि रेषा तिकडचीच माणसं आखतात. मामाकडे फक्त गवत कापायचं काम उरलं आहे. खरं सांगू? त्या रबरी चाकांवर मी अजूनही जळते. पण आता जळायलाही तोंड नाही मला.

आपला हात हलला, हे मामाने माझ्यासाठी खोटं सांगितलं, असं आधी मला वाटलं होतं. तसं नव्हतं. त्याला ते खरंच वाटतं. मामी म्हणते, "शाळेवाले बोलावताहेत ना रेषा आखायला? जा की!" तर तो म्हणतो, "नको गं, हात पूर्वीसारखा राहिला नाही आता." मग कोठीच्या दारात उजेडाला उभा राहून तो उजवा हात समोर धरतो आणि बघत बसतो. हात जराही हलत नाही. त्याला मात्र ते पटत नाही.

तुम्ही कुणावर रुसलात तर खुशाल रुसा, पण रुसवा तोंडाने सांगून टाका. मला तोंड नव्हतं, तुम्हाला आहे. म्हणून एक काम करा. मैदानाकडे आलात, तर सुतळीमामाला तेवढं सांगा, की मामा, तुमचा हात हलला नव्हता.