मुका गडी

“ए मुक्या, भिऊ नको. मी हाय ना. माझ्या मागं मागं ये.”

हा आवाज निकिताच्या कानात पहिल्यांदा पडला, त्याला दोन गळीत हंगाम उलटले होते. आज त्या आवाजाचा धनी बाहेरच्या खोलीत तिच्या वडिलांसमोर बसून पोहे खात होता, आणि आत साळूबाई लेकीच्या खांद्यावर पदराला टाचणी लावत होती.

“हालू नको गं. आन् इचारलं तेवढंच बोल.”

“व्हय.”

“आजवर प्रत्येक स्थळाला नाक मुरडलंस. ह्या संगमनेरच्या पोराला मातर लगीच ‘या म्हना’ म्हनलीस. काय पाह्यलंस त्या फोटूत?”

निकितानं टाचण्यांची डबी आईपुढं धरली. फोटोत तिनं काहीच पाहिलं नव्हतं. नाव वाचलं होतं, रविराज, आणि गाव. आणि तोच फोटो तिच्या मोबाईलवरच्या खेळात त्याच नावाशेजारी रोज दुपारी उगवत होता.

देवळालीच्या दूध संकलन केंद्रावर निकिता कामाला होती. सकाळ-संध्याकाळ दूध मापायचं, फॅट लावायची, भांडणारांशी भांडायचं. “नाना, पानी कमी घाला, विहिरीला तरी ऱ्हाऊ द्या,” असं तिनं म्हटलं की सगळी रांग हसायची. दुपारी मात्र केंद्रात कुणी नसे. धुतलेल्या किटल्या उन्हात पालथ्या पडत, आणि ती भावाचा जुना फोन काढी. पार्थ पुण्याला नोकरीला गेला, तेव्हा फोन तिच्याकडे आला. त्यात खेळ होता, खेळात नाव पार्थचंच राहिलं.

सुरुवातीला एकदाच तिनं माईक उघडला होता. समोरचे अनोळखी. “आयला, पोरगी हाय! नंबर दे की गं,” आणि मग जे जे कानात ओतलं गेलं, ते ऐकून तिनं फोन ओढणीखाली झाकला, जणू शेजारच्या म्हशींनाही ते ऐकू जाईल. त्यानंतर माईक मिटला तो मिटलाच. पुढं जिल्ह्यातल्याच पोरांच्या टोळीत ती शिरली, तीही न बोलता. घोडेगावचा गोरक्षनाथ वैतागला होता, “ह्यो पार्थ बोलत का न्हाई रे?” तेव्हा रविराज म्हणाला, “माईक खराब आसंल गड्याचा. मुका म्हना. नेम बघ त्याचा, बोलायची गरजच काय?”

त्या खेळात गोळी लागून पडलेल्या गड्याजवळ सोबती येऊन जरा वेळ बसला, तर तो पुन्हा उठतो. पण बसणारा स्वतः मारला जाण्याची भीती, म्हणून बहुतेक जण पडलेल्याला टाकून पळतात. रविराज कधी पळाला नाही. गोळ्यांच्या पावसात यायचा, म्हणायचा, “मुक्याला टाकून जायचं न्हाई.”

आणि एका दुपारी, बाकीचे निघून गेल्यावर, तो तिच्यापाशी रडला होता. कारखान्यातलं काम सुटलं होतं, बाप चारचौघांत वाटेल ते बोलला होता. “तुला सांगतो मुक्या. तू कुनाला सांगनार न्हाईस.” पुरुषाचं रडणं निकितानं घरात कधी ऐकलं नव्हतं. किटल्यांच्या सावलीत ती फोन कानाशी धरून बसली, आणि तिच्याही नकळत तिचा हात फोनच्या पाठीवरून फिरत राहिला, तापलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरावा तसा.

म्हणून ‘या म्हना’.

बाहेर नाव, शिक्षण, मामाचं गाव विचारून झालं. मध्यस्थी करणारे आसाराम मामा म्हणाले, “आता पोरापोरीला बोलू द्या बरं घडीभर. नवा जमाना हाय.” दोघांना परसात पाठवलं. शेवग्याखाली दोघं उभे राहिले. आवाज तोच.

“काय इचारायचं का तुला?” त्यानं विचारलं.

“तुमाला आवड कशाची?”

“गेमची. टाईमपास म्हनून न्हाई, टीम हाय आपली. त्या येळेला मधी कुनी बोललेलं मला चालत न्हाई. आई जेवायला हाक मारत न्हाई, बोल!”

“मीबी खेळते.”

तो हसला. “फळं कापायचा?”

“न्हाई. तुमचाच.”

“मग सोडून दे. पोरीचा आवाज आला की टीम नासती. आन् फोन ठेव तू, आमच्यात बायांना फोन ठिवू देत्यात. फक्त लॉक न्हाई ठेवायचं.” हे सगळं तो रागानं नाही, समजावणीच्या सुरात बोलत होता. मग त्याचा चेहरा एकाएकी उजळला. “आमच्यात एक मुका हाय. त्याच्यावर जीव हाय आपला. पहिली पत्रिका त्याला. पत्ता न्हाई म्हाईत, पन हुडकून काढीन.”

ज्या मायेसाठी निकितानं हा माणूस दारात बोलावला होता, ती माया खरी होती. फक्त ती तिला नव्हती. गड्याला होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आसाराम मामांचा फोन आला. पसंती होती. निकिताच्या वडिलांनी, रंगनाथदादांनी, गल्लीत साखर वाटली. दूध घालायला आलेल्या म्हाताऱ्यांनी “आता आमच्याशी भांडायला कोन गं?” म्हणून थट्टा केली. केंद्रावरून घरी आल्यावर चुलीपाशी निकिता आईला म्हणाली, “आये, मी न्हाई म्हनले तर?”

साळूबाईची भाकरी तव्यावर करपली. “याड लागलं का? बगायच्या आदी न्हाई म्हन, कायबी म्हन. पोरानं पसंत केल्यावर पोरीकडनं नकार जात नसतो. गेला की लोक म्हनत्यात, हिचंच कायतरी आसंल. मग उंबऱ्याला दुसरं कुनी येत न्हाई.” आणि थोड्या वेळानं, भाकरी उलटत, “मला तर इचारलंबी न्हवतं.”

“तुला पसंत हुते का दादा, लगनाच्या येळी?”

“जेव आता,” साळूबाई म्हणाली.

दुपारी केंद्रात किटल्या पालथ्या पडल्या. निकितानं फोन काढला. टोळी जमलीच होती.

“जमलं रं आपलं!” रविराज ओरडत होता.

“दिसायला कशीय?” गोरक्षनाथनं विचारलं.

“चालंल. गरीब हाय. तोंडातून शबूद निघत न्हाई.”

“मंग तर मजाय लेका!”

“व्हय ना. घरात कटकट न्हाई. ती मीबी खेळते म्हनली, मी म्हनलं सोड.” दोघं खदखदून हसले. “ए मुक्या, तू मातर यायचं हां. हळदीला माझ्या शेजारी तू बसायचं, दुसरं कुनी न्हाई.”

ऐकता ऐकता निकिताचा नेम चुकला. कुठल्याशा माडीवरून गोळी आली आणि तिचा गडी उघड्या रानात गुडघ्यावर पडला. गोरक्षनाथ पळून भिंतीआड गेला.

“सोड त्याला रवी! मरशील!”

“मुक्याला टाकून जायचं न्हाई. थांब गड्या, आलो, आलो मी.”

तो आला. चहूकडून गोळ्या येत असताना तिच्या गड्याशेजारी बसला, आणि पडद्यावर उठण्याची रेघ हळूहळू भरू लागली. निकितानं मिटलेल्या माईकच्या खुणेवर बोट ठेवलं. खूण उघडली. कानात तिचा स्वतःचा श्वास वाजला, मोठा, परका.

“कोन हाय रे?” गोरक्षनाथ म्हणाला. “मुक्याचा माईक चालू झाला का काय?”

“बोल, बोल की गड्या!” रविराजचा आवाज आनंदानं फुटला.

“मला उठवू नका,” ती म्हणाली. “मी देवळालीची निकिता बोलतीय. मला तुमचं स्थळ पसंत न्हाई.”