दुसऱ्या मजल्यावरचा स्क्रू

दुसऱ्या मजल्यावर येताच मिस्त्रींनी भाजीची पिशवी खाली ठेवली, खिशातला पेचकस काढला आणि कठड्याच्या स्क्रूवर वाकले. स्क्रू सैल होता. आज पुन्हा.

ते सावकाश आवळू लागले. नाकाने श्वास आत. मग ओठांचा चंबू करून, शीळ घालायच्या बेतात असल्यासारखं, हळूहळू बाहेर. सिगारेट कधीच सुटली होती. धाप मात्र सुटायचं नाव घेत नव्हती.

त्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई दारात आल्या.

"मिस्त्री, कालच आवळला होतात ना हा?"

"लाकूड आहे, बाई. फुगतं, आकसतं. लक्ष ठेवावं लागतं."

"तुम्ही आहात म्हणून हा जिना उभा आहे."

कमावलेला दम बोलण्यात खर्च झाला होता, म्हणून त्यांनी नुसती मान डोलावली.

मध्यंतरी मुलाने त्यांच्यासाठी तळमजल्यावरची खोली बघितली, तेव्हा ते बिथरले होते.

"मग चढताना मधे थांबत जा ना जरा," बायको म्हणाली होती.

"लोकांच्या दारात धापा टाकत उभा राहू? त्यापेक्षा घरात बसेन."

आणि बसलेही, तोंड पाडून. मग एक दिवस तिनेच सांगितलं, दुसऱ्या मजल्यावरचा कठडा हलतोय, कुणीतरी पडेल. तेव्हापासून पेचकस खिशात होता आणि भाजी आणायला तेच जात होते.

पेचकस काढून घेताना त्यांची नजर स्क्रूच्या खाचेवर गेली. आत नवा ओरखडा होता, बारीक. पेचकसाचं पातं इतकं पातळ नव्हतं.

वर, घरी, सफरचंद चिरायला त्यांनी सुरी घेतली. टोक पिळवटलेलं होतं.

"ही अशी कशी झाली गं?"

"पडली असेल." बायको उजव्या मनगटाला तेल चोळत होती.

"आणि हाताला काय झालं?"

"वय झालं. तुम्ही एकट्यानेच म्हातारं व्हायचं ठरलं होतं का?"

ते हसले. मोठी फोड तिच्यापुढे केली आणि सुरी जागेवर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी स्क्रू पुन्हा सैल होता. मिस्त्रींनी तो नेहमीसारखा घट्ट आवळला, श्वास पुरता सोडला, पिशवी उचलली. दोन पायऱ्या चढले आणि परत खाली आले. पेचकस लावून त्यांनी स्क्रू किंचित उलटा फिरवला. कठडा हलवून पाहिला. हलत नव्हता. मग आणखी थोडा फिरवला, दुखऱ्या मनगटाला जमेल इतपत.