नाव न घेता

मित्रांनो, आमच्या चर्चमधल्या प्रार्थनेच्या खोलीत तीन खुर्च्या आहेत. त्यातली दाराजवळची मी. सुताराने मला घडवले तेव्हा माझे हात पुन्हापुन्हा घासून गुळगुळीत केले होते. बसणाऱ्याने घट्ट धरले तरी टोचू नये, एवढीच त्याची इच्छा.

पाळकसाहेबांचा नियम कडक होता. प्रार्थना मागायला कोणी आले, की ऐकायला दोघींनी बसायचे, एकटीने नाही. दार थोडे उघडे ठेवायचे. डोक्यावर हात ठेवायचा तर आधी विचारायचे. आणि खोलीतले बोलणे खोलीतच राहायचे. म्हणून येणाऱ्यांसाठी प्रार्थना करणाऱ्या मावशींच्या शेजारी, माझ्यावर, निवृत्त नर्सबाई बसत. मावशी जरा वाहवत गेल्या, की नर्सबाई हळूच खाकरत. मावशींचा मला फार लळा. जाताना त्या मला पदराने पुसत. मीही त्यांच्यावर जीव टाकत असे.

मग नर्सबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. नेमकी त्याच आठवड्यात कपडे शिवणारी ताई आली.

"आज मी एकटीच आहे गं," मावशी म्हणाल्या. "पण दोघी नसलो तर देव काय ऐकायचा थांबतो?" त्यांनी स्वतःची पर्स माझ्यावर ठेवली.

ताई रडतरडत बोलली. ती मनाच्या आजारावर गोळ्या घेत होती. नवऱ्याशिवाय घरात कोणाला माहीत नव्हते. "जाऊबाईंना कळलं तर माझं लेकरू माझ्याजवळ झोपू देणार नाहीत, मावशी."

"माझ्या पोटात राहील," मावशी म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरून आले होते. मला ते खरे वाटले.

रविवारी गर्दी झाली, म्हणून मला उचलून सभागृहात मागे ठेवले. माझ्यावर नेमकी ताईची जाऊ येऊन बसली. प्रार्थनेच्या विनंत्या सगळ्यांपुढे सांगायची वेळ आली तशा मावशी उठल्या.

"नाव घेत नाही. पण शिवणकाम करणारी आपली एक बहीण आहे. डोक्याच्या गोळ्या घेते बिचारी. सगळ्यांनी कळकळीने प्रार्थना करा."

आमच्या मंडळीत शिवणकाम करणारी दुसरी होती कोण? जावेने माझे हात करकचून धरले आणि आमेन म्हणायच्या आतच ती उठून गेली. मला मावशींचा इतका संताप आला, की हलता आले असते तर मीही उठले असते.

मला परत खोलीत आणून ठेवले. चार दिवसांनी ताई तिथे आली. बसली नाही.

"लेकरू आता जाऊबाईंकडे झोपतं."

"अगं, मी तर प्रार्थनेसाठीच सांगितलं!" मावशी कळवळल्या. "ये, बस. आत्ता प्रार्थना करू."

"नको मावशी. तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करू नका."

ती गेली. मावशींनी सवयीने मला पदराने पुसले. पहिल्यांदाच मला तो पदर नकोसा वाटला.

मित्रांनो, कोणी आपले दुःख तुमच्यापुढे मांडले, तर तिला विचारल्याशिवाय ते पुढे नेऊ नका. नाव वगळून नाही, आणि देवाच्या नावानेही नाही. प्रार्थना मागायला आलेली बाई प्रार्थनेलाच भिऊन निघून गेली, हे मला पाहावे लागले.