जोडीचा फोटो

"जरा चिकटून उभे राहा. नवरा-बायको आहात की शेजारी?" चिमण बारीने कॅमेरा डोळ्यांसमोर धरत विचारलं, आणि कचेरीच्या फाटकापाशी रांगेत उभे असलेले दोघं-तिघं खुदकन हसले.

झिपरू आणि जिजा हसली नाहीत. बेचाळीस वर्षं एका छपराखाली काढलेली माणसं ती, पण बायकोला खेटून उभं राहणं त्यांच्या पाड्यात कुणी कधी केलं नव्हतं. झिपरू बोटभर आत सरकला, तशी जिजा बोटभर बाहेर सरकली. मधलं अंतर होतं तेवढंच राहिलं.

चिमणने तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली. डोंगरातून उतरायचं, भात झोडायचं सोडून इथवर यायचं, आणि साधं उभं राहायची अक्कल नाही, असं त्याचं मत होतं. तसं त्याचं मत सगळ्यांबद्दलच असायचं. कचेरीतले कारकून म्हणजे पगारी झोपाळू. दाखल्याला येणारी कॉलेजची पोरं म्हणजे केसाला तेल न लावणारी माकडं. मोबाइलवर फोटो काढणारे तर त्याच्या लेखी माणसातच जमा नव्हते. बावीस वर्षं तो तलासरीच्या या फाटकापाशी फोटो काढत आला होता. आधी रिळाचा कॅमेरा, मग डिजिटल. तालुक्यातल्या निम्म्या ओळखपत्रांवरची तोंडं मी काढलीत, असं तो छाती काढून सांगायचा, आणि त्यातलं एक तोंड धड असेल तर शपथ, असंही लगेच जोडायचा.

जोडीचा फोटो म्हणजे त्याच्या मते वैताग. डोंगरउतारावरची नागलीची जमीन झिपरूच्या आज्यापासून त्याच्या घराकडे होती. ती आता जंगलजमिनीच्या कायद्याने नवरा-बायको दोघांच्या नावावर व्हायची होती, आणि त्या दाव्याच्या कागदावर दोघांचा एकत्र फोटो लागायचा. चिमणकडचं पाठीमागे लावायचं निळं कापड एका माणसापुरतं. शहरातलं जोडपं आलं की तो दुसरं कापड काढून शेजारी टाचायचा. या दोघांसाठी ती उठाठेव कोण करणार! त्याने त्यांना सरळ कंपाउंडच्या भिंतीसमोर, झाडाच्या सावलीत उभं केलं. भिंतीवर कुठल्याशा दादाच्या वाढदिवसाचा फलक होता, त्यावर चांगलं ऊन आलं होतं. फलक असेना का, फोटोत कोण बघतंय.

कॅमेऱ्याने पीप केलं. चिमणने बटण दाबलं, कार्ड काढून प्रिंटरच्या फटीत सरकवलं, आणि छापून आलेल्या चार प्रती कात्रीने कापून झिपरूच्या हातात ठेवल्या. झिपरूने त्या बराच वेळ बघितल्या. मग जिजाला दाखवल्या. जिजाने बघितल्या आणि कमरेच्या पिशवीत नीट ठेवून दिल्या. फोटो चांगला आला का, असं विचारायची चिमणची पद्धत नव्हती आणि सांगायची त्यांची नव्हती.

आता खरी गोष्ट सांगायची तर चिमणने तो फोटो बघितलाच नव्हता. बघून त्याला काही दिसलंही नसतं. दोन वर्षांपासून त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. आधी धुकं होतं, आता दुधावरच्या सायीमधून बघावं तसं झालं होतं. माणूस समोर उभा आहे एवढं कळायचं, त्याचं नाक कुठे आहे ते अंदाजाने. हे जगात दोघांनाच माहीत होतं, एक तो आणि दुसरी त्याची बायको जयमाला.

मागच्या दिवाळीत त्याच्या जुन्या कॅमेऱ्याचं भिंग बाहेर येईना, म्हणून वापीच्या बाजारातून त्याने हा मुठीएवढा डिजिटल कॅमेरा आणला. डहाणूच्या घरी तीन संध्याकाळी त्याची मांडामांड चालली. चालू केला की पहिल्यांदा तारीख आणि वेळ विचारायचा. चिमणने बहिर्गोल भिंग लावून बघितलं तरी आकडे लागेनात. शेवटी जयमालाने पडद्यावरचं एकेक अक्षर वाचायचं आणि त्याने बटणं दाबायची असं ठरलं. ती हळू वाचते म्हणून तो तिच्यावरच खेकसायचा. तारीख लागली, फोटोचा आकार लागला, फ्लॅश बंद झाला. मग जयमालाने वाचलं, की यात चेहरा शोधायची सोय आहे. समोर तोंड दिसलं की कॅमेरा त्याच्याभोवती चौकट आखतो, उजेड त्या तोंडाच्या हिशेबाने धरतो आणि नेम बसला की वाजतो.

एरवी चिमण यावर थुंकला असता. तोंड शोधायला ज्याला यंत्र लागतं त्याने फोटो काढू नये, भाजी विकावी. पण त्या संध्याकाळी तो म्हणाला, चालू कर ते. आवाजही मोठा कर. मेनू, खाली चारदा, उजवीकडे एकदा, मधलं बटण, हे त्याने मुलं पाढे पाठ करतात तसं घोकून घेतलं. तेव्हापासून तो कानाने फोटो काढत होता. पीप झालं की दाबायचं. वर्षभर कुणाला पत्ता लागला नाही, आणि लोकांना कसं बनवलं म्हणून तो मनातून खूषही होता.

जयमाला रोज एकच तुणतुणं लावायची, की डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या, हल्ली अर्ध्या तासात होतं. तो म्हणायचा, डॉक्टर काय, सुरी चालवायला टपलेलेच असतात. खरं कारण तिलाही ठाऊक होतं. ऑपरेशन म्हणजे महिनाभर घरी. कचेरीच्या समोर, रस्त्यापलीकडे, दीपेशने काचेचं दुकान थाटलं होतं. आत एसी, कॉम्प्युटर आणि पांढऱ्या छत्र्यांचे दिवे. चिमण त्याला हजाम म्हणायचा, कारण दीपेश कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकाचे मुरूम पुसून द्यायचा. चिमण महिनाभर नाही आणि त्याला दिसत नाही, हे एकदा कळलं की फाटकापाशी पुन्हा कोण थांबणार होतं त्याच्यासाठी? ते फाटक गेलं की तो डहाणूच्या ओट्यावर बसलेला एक आंधळा म्हातारा उरणार होता. याची त्याला मरणाची भीती वाटायची, आणि जितकी भीती वाटायची तितका तो लोकांवर जास्त खेकसायचा.

दहा दिवसांनी झिपरू आणि जिजा परत आली. चिमणने झिपरूला आवाजावरून ओळखलं. झिपरू म्हणाला, की आतल्या बाईंनी फोटो परत दिला, तोंडं दिसत नाहीत म्हणाल्या. आज संध्याकाळी दाव्यांचा गठ्ठा वर जायचा आहे, आज फोटो लागला नाही तर कागद मागे राहील, आणि मागे राहिलेला कागद कधी पुढे जातो ते कुणी सांगू शकत नाही.

"हलला असशील तू," चिमण म्हणाला. "माझा कॅमेरा कधी चुकत नाही. तुम्हाला उभं राहता येत नाही आणि नाव माझं खराब."

झिपरूने मान हलवली. असेल, म्हणाला, हललो असेन.

तेवढ्यात त्या बाईच बाहेर आल्या. श्रुतिका नावाची नवी कारकून मुलगी ती, जेवणाच्या सुट्टीत चहाला निघाली होती. तिने या दोघांना बघितलं, चिमणला बघितलं आणि थांबली. झिपरूच्या हातातला फोटो घेऊन तिने चिमणच्या हातात दिला आणि विचारलं, काका, यात माणसं कुठे आहेत सांगा बघू. तिच्या बोलण्यात खोच नव्हती. पण रांगेतल्या लोकांना तेवढं निमित्त पुरलं. फुकटची मजा म्हटली की आपल्याकडे रांगेला पाय फुटतात. पाच-सहा जण जवळ येऊन उभे राहिले.

चिमणने फोटो नाकाला लावला. त्याला मधोमध एक गोरटं, चकचकीत वर्तुळ दिसलं. त्याला हायसं वाटलं. त्यावर बोट ठेवून तो ठसक्यात म्हणाला, "हा काय! डोळे फुटलेत का सगळ्यांचे? हा झिपरू नाही तर कोण आहे?"

रांगेतला एक माणूस फिस्सकन हसला, त्याच्या मागोमाग दुसरा, आणि मग सगळेच हसायला लागले. चिमणचं बोट होतं ते फलकावरच्या दादाच्या गालावर. झिपरू आणि जिजा यांच्यामधल्या अंतरात तो दादा नेमका येऊन बसला होता. कॅमेऱ्याला उन्हातलं एकच गोमटं तोंड सापडलं, त्याने तेवढंच धरलं. दादा लख्ख, दात दिसण्याइतका. आणि त्याच्या दोन बाजूंना सावलीत दोन काळे ठिपके, एकाच्या डोक्यावर पदर आहे एवढंच कळत होतं.

"दादाच्या नावावर करा जमीन," कुणीतरी बोललं, आणि पुन्हा हशा पिकला.

आयुष्यभर चिमणने दुसऱ्यांकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर त्याच्यावर फिरली होती, आणि ती कशी लागते ते त्याला पहिल्यांदा कळत होतं. तोंडात चार उत्तरं तयार होती. त्याने तोंड उघडलंही.

पण आधी जिजा बोलली.

"साहेबाचा दोष नाय," ती म्हणाली. "आमीच काळी हाव, कसं दिसणार? म्हणून आज पावडर लावून आलो. याला पण लावली. आता दिसेल ना?"

हसणं हळूहळू थांबलं. चिमणने तिच्याकडे बघितलं. मघापासून तिचं तोंड पांढुरकं दिसत होतं, ते त्याने आपल्याच डोळ्यांतलं समजून सोडून दिलं होतं. तो पुढे झाला, अगदी वीतभर अंतरावर तोंड नेलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत पावडर थापली होती, घामाने तिचे ओघळ झाले होते. झिपरूच्या मिशीतही पावडर होती. दहा दिवस ही दोघं घरात तो फोटो बघत बसली असतील, आणि आपण असेच दिसतो असं समजून गप्प राहिली असतील. मग कुणाकडून तरी डबी मागून आणली असेल.

वाट किती सोपी होती! बाई म्हणते आम्ही काळे, तर हो म्हणायचं. रांग मान डोलावणार होती, श्रुतिकाही गेली असती चहाला. दुसरं कापड टाचायचं, पीप व्हायची वाट बघायची, आणि फाटक आपलंच. चिमणने कॅमेरा उचललासुद्धा. बटणावर बोट ठेवलं. समोर दोन पांढुरके गोळे उभे होते, आणि ते पांढुरकेपण त्याच्यासाठी आणलेलं होतं.

पीप झालं. त्याने बटण दाबलं नाही.

"पावडर पुसा," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच खेकसल्यासारखा आला, त्याला दुसरा येतच नव्हता. "पुसा म्हणतो ना. तुमच्या तोंडाला काही झालेलं नाही. मला दिसत नाही. दोन वर्षं झाली, मला दिसत नाही."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, निदान त्यांना शिव्या देता आल्या असत्या. रांगेतल्या एका माणसाने मघाशीच चिमणकडून फोटो काढून घेतला होता. तो खिशातून आपला फोटो काढून उलटसुलट बघायला लागला. ते चिमणला दिसलं नाही, पण कागदाचा आवाज त्याला ऐकू आला, आणि आपलं इथलं काम संपलं हे त्याला तिथेच समजलं.

जिजाने पदराने तोंड पुसलं, मग झिपरूने टॉवेलने. चिमणने कॅमेरा बंद केला. भिंग आत गेल्याची कुरकुर झाली. मग त्याने दोघांना विचारलं, तो समोरचा काचवाला दिसतो का. दिसतो, झिपरू म्हणाला.

"तो हजाम आहे. पण दिवे चांगले आहेत त्याच्याकडे. चला, मी सांगतो त्याला तुमचं तोंड पुसू नको म्हणून. आहे तसं ठेव म्हणून सांगतो."

श्रुतिका म्हणाली, की पाचपर्यंत फोटो आणून दिला तरी ती गठ्ठ्यात लावेल, थांबेल तोवर. चिमणने तिला नुसतं बरं म्हटलं. एरवी त्याने तिलाही पगारावरून काहीतरी ऐकवलं असतं.

तिघं रस्त्याच्या कडेला आली. वापीच्या दिशेच्या गाड्या आणि खडीचे डंपर एकामागून एक चालले होते. एरवी हा रस्ता चिमण रोज दोनदा ओलांडायचा. आवाज थोडा थांबला की देवाचं नाव घ्यायचं आणि सुटायचं. आज आवाज थांबत नव्हता. तो पाऊल पुढे टाकायचा आणि मागे घ्यायचा. दीपेश दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला होता की नाही, तेही त्याला कळत नव्हतं. पण उभा असणारच, असं त्याने धरूनच टाकलं होतं.

झिपरू पुढे होऊन डंपरला हात दाखवत होता. जिजाने चिमणकडे बघितलं, आणि त्याचं मनगट धरलं. तिचा हात खरखरीत होता, भात कापून कापून झाला होता तसा.

"थांब दादा," ती म्हणाली. "आता नको." मग थोड्या वेळाने म्हणाली, "हां, चल आता."

चिमण तिच्याबरोबर चालायला लागला.