शेवटच्या विषयापर्यंत

मित्रांनो, नगरपालिकेच्या सभागृहात मागच्या भिंतीला टेकून उभा असलेला जुना सागवानी बाक म्हणजे मी. मला रंधा मारताना सुतार म्हणाला होता, हा माणसांपेक्षा जास्त टिकेल. टिकलो खरा! पुढे सदस्यांच्या गादीच्या खुर्च्या तीनदा बदलल्या. माझा पाय मोडला तेव्हा मात्र खाली वीट सरकवून दिली. असो, आपलं नशीब.

माझ्यावर नागरिक बसतात. कुणाचं गटार तुंबलेलं असतं, कुणाच्या गल्लीतला दिवा गेलेला असतो. त्यांचे प्रश्न येतात अगदी शेवटी, 'ऐनवेळचे विषय' म्हणून. तोवर चहा होतो, निम्मे सदस्य हळूच सटकतात आणि पुरेशी माणसं उरली नाहीत म्हणून सभा तहकूब होते. माझ्यावरचं माणूस हात हलवत परत जातं. चाळीस वर्षं हेच बघतोय, वैताग येणार नाही तर काय!

गेल्या वर्षी एक भाजीवाली मावशी येऊ लागली. गाड्या लावायला जागा हवी म्हणून बाजारातलं बायकांचं स्वच्छतागृह पाडलं होतं. ते पुन्हा बांधा, एवढंच तिचं मागणं. तिच्या शेजारी बसून भाजी विकणारी सून लघवीच्या आजाराने दुसऱ्यांदा दवाखान्यात होती. मावशी तीन सभांना आली आणि तिन्ही सभा तहकूब झाल्या. मला तिच्यापुढे लाज वाटायची.

चौथ्या सभेतही तेच. चहा झाला, सदस्य उठू लागले. आमचे शिपाईकाका तीस वर्षं इथे पाणी फिरवतात, पण सभेत त्यांनी कधी तोंड उघडलेलं नाही. त्या दिवशी ते ट्रे घेऊन थेट नगराध्यक्षांपुढे उभे राहिले. "मॅडम, या मावशी चार सभा इथे बसल्यात. पाणी देतो, पण एक घोट घेत नाहीत."

एक सदस्य फिस्कारले, शिपायाला सभेत बोलायचा अधिकार कुणी दिला?

"मी दिला. बसा," नगराध्यक्षा म्हणाल्या, आणि त्यांनी मावशीला कारण विचारलं.

मावशी मला धरून उठली. "सवयच मोडलीय बाई. पहाटे दुकान लावते, दुपारी चारला उठते. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं कुठे? सुनेलाही मीच शिकवलं, पाणी पिऊ नको म्हणून."

उठलेले सदस्य गुपचूप बसले. फिस्कारलेल्या साहेबांना तर हातातला ग्लास कुठे ठेवावा ते कळेना. मग नगराध्यक्षांनी स्वच्छतागृह पुन्हा बांधायचा ठराव मांडला आणि एकूण एक हात वर झाले. आनंदाने मी असा कुरकुरलो की मावशी दचकलीच.

बांधकामाला पाच महिने लागले. सरकारी काम आणि सहा महिने थांब, त्यातला एक वाचला! सून बरी होऊन पुन्हा भाजी विकते. ऐनवेळचे विषय आता चहाच्या आधी घेतात. गेल्या महिन्यात ती सून स्वतः आली, शाळेकडच्या अंधाऱ्या रस्त्याचा विषय घेऊन. सोबत आणखी पाच जणी. मी चौघांचा बाक, तरी सहा जणींना सामावून घेतलं.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुठल्यातरी सभेत खुर्चीवर बसाल. तेव्हा मागच्या बाकावरचं माणूस बोलून होईपर्यंत उठू नका. आम्ही लाकडं थांबतो, कारण आम्हाला पाय असून चालता येत नाही. तुम्हाला येतं. म्हणून तर तुमच्या थांबण्याला मोल आहे.