छपराच्या कडेची पट्टी

दर दोन वर्षांनी आप्पांच्या घरी एकच वाद व्हायचा: छपराच्या कडेला ठोकलेल्या लाकडी पट्ट्यांचं काय करायचं? पाणी मुरून त्या कुजायच्या आणि आप्पा, सत्तरीला टेकलेले निवृत्त हेडक्लार्क, कुजलेल्या जागी पुट्टी भरून वर रंगाचे दोन हात मारायचे.

“आप्पा, या वेळी कंपोझिटच्या पट्ट्या बसवू,” सून म्हणाली. “लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या असतात. पाणी मुरत नाही, वाळवीचीही भीती नाही.”

“सूनबाई, आपलं अस्सल लाकूडकाम आहे. आप्पांनी घराला प्लास्टिक डकवलं म्हणून लोक हसतील!” आप्पा म्हणाले.

विषय तिथंच मिटला. रंग लागला, पट्ट्या नव्यासारख्या दिसू लागल्या.

तीन महिन्यांनी, भर दुपारी, शेजारची शिवणकाम करणारी बाई कपड्यांचं गाठोडं घेऊन घरालगतच्या वाटेनं चालली होती. वरून हातभर पट्टी सुटली आणि तिच्या खांद्यावर आदळली. हाड वाचलं, पण डॉक्टरांनी हात महिनाभर झोळीत ठेवायला सांगितला. शिलाई मशीन बंद!

“वारा फार सुटला होता,” भेटायला गेलेले आप्पा म्हणाले.

“हो ना, माझंच नशीब,” ती म्हणाली. घरी आल्यावर आप्पांनी सुतारमिस्त्रींना निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी सुतारमिस्त्री आले. शिडीवर चढून त्यांनी उरलेल्या पट्टीत पेचकस खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला.

“मिस्त्री, तुम्ही लाकडातली माणसं. सुनेला जरा समजवा,” आप्पा खालून म्हणाले.

मिस्त्री सावकाश उतरले. “आप्पा, चाळीस वर्षं लाकडावर पोट भरतोय, त्याला नावं कशी ठेवू? घरातल्या दारांना, कपाटांना लाकूडच वापरा. पण इथं बारमाही ऊन-पाणी, आणि वर चढून बघणार कोण? कंपोझिटही काही अमरपट्टा घेऊन आलेलं नाही. उन्हात फुगतं, म्हणून सांध्यात फट सोडावी लागते. पण असं आतून कुजत नाही. आणि राग मानू नका, अस्सल अस्सल म्हणता, मग कुजलेलं रंगाखाली का झाकलंत?”

सुनेनं मान वळवली.

“मला ठाऊक होतं,” आप्पा म्हणाले. “रंग देताना बोट आत रुतलं होतं माझं.”

ते तसेच शेजारी गेले. “ताई, वारा नव्हता! चूक माझी होती.”

तिनं झोळीतला हात सावरला. “कालच सांगायचं होतंत, आप्पा. आता आधी बाकीच्या पट्ट्या उतरवा. माझी लेक त्याच वाटेनं कामाला जाते.”

त्याच दुपारी पट्ट्या उतरल्या. आठवड्यात कंपोझिटच्या बसल्या. ताईचा हात बरा होईपर्यंत तिच्या गिऱ्हाइकांकडे आप्पा स्वतः निरोप घेऊन फिरले. उशीर का, असं कुणी विचारलं, की खरं कारण सांगत.

वाचकहो, घराची आतली भिंत आपली. बाहेरची कड मात्र तिच्याखालून जाणाऱ्या प्रत्येकाची असते. तिथं काय लावायचं ते ठरवताना मिरवण्याआधी टिकण्याचा विचार करा. आणि काही कुजलंच असेल, तर रंगाचा डबा उघडण्याआधी तोंड उघडा!