डोहाचा पत्ता

अर्पितानं 'उजवा काठ' खोडलं आणि वर 'डावा' लिहिलं. पेन्सिलीनंच. बाबांच्या पानांवर पेन चालवायचा तिला धीर होत नव्हता. पुढच्या ओळीत खडकाच्या सात पायऱ्या होत्या. समोर एकही नव्हती.

"मावशी, इथं पायऱ्या होत्या का कधी?"

"कायच्या पायऱ्या वो?" भागीरथा भोईण काठावर बसून जाळं शिवत होती. बाबांना, म्हणजे मारोतराव गुरुजींना, तीस वर्षं तिनंच नावेतून फिरवलं होतं. तिनं मान वर केली नाही.

ही अकरावी चूक. पैनगंगेवर आणि तिच्यातल्या माशांवर जन्मभर लिहिलेल्या माणसाच्या शेवटच्या पुस्तकात, एकाच प्रकरणात अकरा चुका! प्रकाशकानं पुसदला फोन करून चाचरत विचारलं होतं, "शेवटी शेवटी त्यांची स्मृती...?" सोमवारपर्यंत सगळं दुरुस्त करून पाठवायचं होतं. लोकांनी बाबांना हसू नये, एवढ्यासाठी ती आली होती.

पण सगळ्यात आधी हसली होती ती स्वतःच. दोन वर्षांपूर्वी हीच पानं वाचून म्हणाली होती, "बाबा, आता पुरे करा. तुम्हाला साधा काठसुद्धा आठवत नाही." बाबांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं. त्यानंतर एक अक्षर लिहिलं नाही. वर्षाच्या आत गेले. टोपणाचा तो बारीक आवाज तिला अजून ऐकू यायचा. भांडी घासताना, वर्गात फळ्यावर लिहिताना, केव्हाही. इथं पाण्याजवळ तर फारच. सकाळपासून दोनदा तिनं दचकून मागं वळून पाहिलं होतं.

एकच गोष्ट बरोबर निघाली. दुभंगलेल्या बुंध्याचा, पाण्यावर ओणवा झालेला अर्जुन. पानात होता तसाच समोर उभा. समासात बरोबरची खूण करताना तिचे डोळे भरून आले. एवढं तरी त्यांच्या ध्यानात होतं.

"काय खोडून राह्यली एवढं?"

"चुका. बाबा विसरले होते, मावशी."

भागीरथाचे हात थांबले.

"गुरुजी कायले विसरतीन? त्याइच्या पह्यल्या पुस्तकात वरचा डोह जसाच्या तसा होता. झाड, खडक, पानी किती, सारं. मंग लोकं आले पुस्तक हातात धरून, अन् पान्यात बॉम्ब टाकले. मरळ पिल्लाइवर होती तवा. पिल्लाइवरची मरळ आमी भोई धरत नाही कधी. साऱ्या डोहावर पांढरे पोटं तरंगून राह्यले होते. गुरुजी इथंच बसून लेकरावानी रडले."

"मग हे?"

"हा डोह लिहाच्या येळी मले म्हनत, भागीरथा, कुठंकुठं खोटं लिहू, सांग. दोघाइनं मिळून केलं बाप्पा." ती हळूच हसली. "पायऱ्या माह्या हायेत."

अर्पितानं पेन्सिल खाली ठेवली.

"मला का नाही सांगितलं?"

"कोनालेच नाही सांगाचं म्हनत. पोरीलेबी नाही. एकडाव पुस्तकात साऱ्याइले सांगून पाह्यलं होतं ना."

काठाजवळच्या शेवाळापाशी पाण्यात तांबूस ठिपक्यांचा पुंजका हलला. मरळीची पिल्लं. त्यांच्याखालून काहीतरी काळं, हाताएवढं लांब, सावकाश वळून गेलं. भागीरथानं तिकडं पाहिलं आणि पुन्हा जाळ्याला सुई लावली.

अर्पितानं खोडरबर काढलं. उजवा काठ परत आला. पायऱ्या परत आल्या. एकेक करत ती समासातल्या खुणेपाशी येऊन थांबली. अर्जुन. सगळं खोटं लिहिताना एवढं एकच खरं बाबांच्या हातून सुटून गेलं होतं.

"लय जीव होता गुरुजीचा त्या झाडावर," भागीरथा म्हणाली.

अर्पितानं खूण पुसली. मग पिशवीतून बाबांचं पेन काढलं, अर्जुन खोडला आणि त्याच्या वर, बाबांच्या वळणाचं अक्षर काढत, लिहिलं: चिंच.

शाई वाळेपर्यंत तिनं पान धरून ठेवलं. नंतर पेनाला टोपण लावलं. तो आवाज झाला, तेव्हा या खेपेला तिनं मागं वळून पाहिलं नाही.